पोरं कानाचंच विचारतात, 'बटाटे खाणारे' वर्गात कसं दाखवू?

झेडपीचे_गुरुजी (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. खेड्यातल्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. डच चित्रकार व्हॅन गॉगचं 'पोटॅटो ईटर्स', म्हणजे 'बटाटे खाणारे', माझं फार आवडतं चित्र. मागच्या आठवड्यात तालुक्याला जाऊन रंगीत प्रिंट काढून आणली. माझी आई अजूनही कापूस वेचायला जाते, बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांजवळची कातडी कायम सोललेली. तिनं प्रिंट दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली नि म्हणाली, "हे लोकं दिसभर वावरात खपून आलेले दिसते बाप्पा. याइचे हातं तं पाहा!"

मी चाट पडलो. १८८५ मध्ये भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगनं हेच सांगितलं आहे, की ज्या हातांनी ही माणसं ताटातला बटाटा उचलतात, त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली, ते मला दाखवायचं होतं.

वर्गात मात्र माझं चुकलं. ओळख करून देताना आधी त्यानं स्वतःचा कान कापल्याची गोष्ट सांगून बसलो. पोरं तिथंच अडकली. "सर, तो येडा होता का?" मग, "मेला कसा?" त्यानं जीव दिला होता, आणि माझ्या वर्गात दोन लेकरं अशी आहेत, ज्यांचे वडील नापिकी नि कर्जापायी गेले. त्यातली एक मुलगी मान खाली घालून वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत बसली. मी तास आवरता घेतला.

चित्र पुन्हा न्यायचं आहे. कसं सांगू?

पाटीपेंटर_पुसद

गुरुजी, आधी चित्र, मग माणूस. कानाचं प्रकरण डिसेंबर १८८८ चं, हे चित्र त्याच्या साडेतीन वर्षं आधीचं. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

या चित्राआधीच्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात तो शेतकऱ्यांचे चेहरेच रंगवत होता, चाळीसेक तरी. रंग त्याला माती लागलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा हवा होता. म्हणून चित्र काळपट आहे, प्रिंटवाल्याला दोष देऊ नका. मूळ चित्र ११४ सेंटीमीटर रुंद, तुमच्या बाकाएवढं समजा.

आणि ती पाठमोरी मुलगी पाहा. उजेड एकाच दिव्याचा, ती त्याच्या आड बसलेली, भोवती बटाट्यांची वाफ. तिच्यावर अंगठा ठेवून बघा, सगळं चित्र सपाट होतं. रापार्ड नावाच्या मित्रानं या चित्राची अशी खरडपट्टी काढली की दोस्तीच तुटली. तरी दोन वर्षांनी व्हॅन गॉग पॅरिसहून बहिणीला लिहितो, तेच माझं सगळ्यात चांगलं काम.

वऱ्हाडची_लेक

सर, माझा भाऊ असाच गेला, म्हणून लिहिते. लपवू नका. त्याला आजार होता असं सांगा आणि 'येडा' हा शब्द तिथंच थांबवा. मे १८८९ मध्ये तो आपणहून फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला, वर्षभर राहिला. झटका आला की आठवडेच्या आठवडे काम बंद, बरं वाटलं की पुन्हा ब्रश हातात. वेडापायी चित्रं झाली असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आजार जेवढी उसंत देत होता, तेवढ्यात त्यानं ती काढली.

जुलै १८९० मध्ये तो ३७ व्या वर्षी गेला, सहा महिन्यांत थिओही गेला. मागे राहिली थिओची बायको योहाना, वय २८, पदरी वर्षाचंही न झालेलं लेकरू. तिनं घरात भाडेकरू ठेवून संसार चालवला, चित्रं जपली, प्रदर्शनं भरवली, १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रं छापून आणली. माझ्या वहिनीनं पाच एकर एकटीनं ओढलं, त्यामुळे योहाना मला परकी वाटत नाही. त्या मुलीला हे नक्की सांगा.

झेडपीचे_गुरुजी

पेंटरभाऊ, ताई, आज तास झाला. नाव न सांगता चित्र भिंतीला लावलं. पोरांनी आधी माणसं मोजली, पाच. मग हात. एकजण म्हणाला, "सर, कंदिलाची काच राखेनं पुसली नाही वाटते." दुसऱ्यानं विचारलं, "पाठमोऱ्या पोरीचं तोंड कावून नाही काढलं?" मी उत्तर देण्याआधी तीच घड्या घालणारी मुलगी बोलली, "थे जेवून राह्यली न सर. जेवताना कायले तोंड पाहाचं?"

आजाराचं सांगितलं, कुणी हसलं नाही. योहानाचं सांगितलं तेव्हा ती मान वर करून ऐकत होती. प्रिंट आईला दाखवायला घरी नेली आहे, सोमवारी आणते म्हणाली.

ताई, योहानाचा एखादा स्वच्छ फोटो असेल तर इथं टाकाल का? चित्राशेजारी लावतो.