मदत हवी आहे: अप्पांची आयबीएम १४०१ ची पंचकार्डं सिम्युलेटरवर चालवायलोय, शेवटची बेरीज छापून येईना

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत कामाला, मूळ घर खानापूरला. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, पायथन व्हिडिओ बघून शिकलोय, त्यामुळं उत्तर देताना जरा फोड करून सांगा.

आमचे अप्पा १९६८ ते १९७७ मुंबईत एका कंपनीत आयबीएम १४०१ या जुन्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर होते. १९७८ ला आयबीएमनं भारतातला गाशा गुंडाळला, त्याच्या आदल्या वर्षीच ते गावी परत आले आणि येताना रद्दीत चाललेला पगाराच्या प्रोग्रामचा एक डेक (भोकं पाडून माहिती साठवलेल्या कार्डांचा गठ्ठा) ट्रंकेत घालून आणला. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर गळायला लागलं म्हणून ट्रंक खाली काढली तर आत ३४० कार्डं, प्रोग्राम आणि त्याच्या मागं नमुन्याचा डेटा. काही कार्डं कसरीनं खाल्लीत, दोन तर एकमेकाला चिकटून बसलीत. डेकच्या वरच्या कडेवर तिरकी लाल रेघ मारलेली आहे, अप्पा म्हणाले डेक हातातून सांडला तर ती रेघ जुळवून क्रम लावायचा.

प्रोग्रामच्या कार्डांवर वर काही छापलेलं नाही, नुसती भोकं, कारण तो मशीननंच पंच केलेला ऑब्जेक्ट डेक, म्हणजे मशीनच्या भाषेतला प्रोग्राम आहे. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक अक्षर दिसत नाही, पण कार्ड हातात दिलं की अंगठा भोकांवरनं फिरवत "बारा-एक, ए. अकरा-एक, जे. शून्य-दोन, एस" असं घडाघडा वाचतात (कार्डाच्या ओळी वरनं १२, ११, ० आणि मग १ ते ९, कुठल्या ओळीत भोकं आहेत त्यावरनं अक्षर ठरतं). मी शेजारी बसून टाईप करायचो. रोज दहा-बारा कार्डं झाली की ते दमतात, म्हणून बाकीची काळा कागद मागं धरून स्कॅन केली आणि ८० कॉलम, १२ ओळींची जाळी टाकून भोक आहे का नाही ते पायथननं काढलं.

मग सिमएच घेतलं, म्हणजे जुन्या मशीनींसारखं वागणारा सिम्युलेटर. बॉब सुपनिक यांनी १९९३ पासून उभं केलेलं हे सॉफ्टवेअर, पीडीपी-८, पीडीपी-११, व्हॅक्स अशा कितीतरी जुन्या मशीनी यात चालतात आणि १४०१ पण आहे. (नेटवर हर्क्युलिस हा दुसरा सिम्युलेटर वापरा म्हणून बरेच सांगतात, पण ते आयबीएमच्याच सिस्टम/३७० आणि त्यापुढच्या मशीनींसाठी, १४०१ चा कारभारच वेगळा.) कार्डांची टेक्स्ट फाईल केली, कार्ड रीडरला जोडली, बूट केलं. पहिल्या कार्डावर स्वल्पविरामांची रांग आहे, ती वर्ड मार्क लावायची आज्ञा, हे कळायलाच मला चार रात्री गेल्या. या मशीनला ठराविक लांबीचा शब्दच नाही, वर्ड मार्क असेल तिथं आकडा किंवा आज्ञा सुरू झाली असं ते समजतं, त्यामुळं एक मार्क चुकला की पुढचं सगळं घसरतं.

आता अडलंय ते असं. माणशी पगाराच्या ओळी नीट छापून येतात, पण शेवटची एकूण बेरीज येतच नाही, कार्डं संपली म्हणून सिम्युलेटर थांबतोय. दुसरं, काही रकमांच्या शेवटी अंकाच्या जागी अक्षर आलंय, उदाहरणार्थ ०००४२एन. हे कसरीचं भोक धरलं गेलं असेल का? आणि तिसरं, खऱ्या मशीनचा रीडर मिनिटाला ८०० कार्डं वाचायचा, म्हणजे आमच्या डेकला २५ सेकंद लागायला पाहिजेत, इथं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतंय. अप्पा म्हणायलेत "इतक्यात कसं होईल, काहीतरी चुकलंय." त्यांना त्याच वेगानं दाखवायचं आहे. कसं करू?

प्रतिसाद १:
ते एन बरोबर आहे, खोडू नका! १४०१ वर ऋण चिन्हाला वेगळी जागा नसते, शेवटच्या अंकावरच अकराचं भोक पाडतात. अकरा आणि पाच मिळून एन, म्हणजे तुमची रक्कम उणे ४२५, कपात असेल बहुतेक. कसरीची भोकं ओळखायला असं करा, एका कॉलममध्ये १ ते ९ मधली दोन भोकं दिसली आणि त्यात आठाचं नसेल तर ते अक्षरच होत नाही, किंवा तीनपेक्षा जास्त भोकं असतील तरी नाही. तेवढे कॉलम वेगळे काढून कार्ड हातात घेऊन बघा. पंचाचं भोक चौकोनी, कडा सरळ, कसरीची कड कुरतडलेली असते. वेगाचं म्हणाल तर छपाईची फाईल घ्या आणि पायथननं ओळीमागं ०.१ सेकंद थांबून दाखवा, १४०१ ला जोडलेला १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळीच छापायचा.

प्रतिसाद २:
बेरीज येत नाही म्हणजे "शेवटचं कार्ड आलं का" ही तपासणी फसतेय. ती तपासणी सेन्स स्विच ए (मशीनवरचा, ऑपरेटरनं हातानं चालू-बंद करायचा स्विच) चालू असेल तरच लागू होते. सिम्युलेटरमध्ये तो स्विच बघा. आणि अप्पांना विचारा हो, कुठले स्विच वर ठेवायचे ते कार्डावर कुठंच लिहिलेलं नसतं, ते ऑपरेटरलाच ठाऊक.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. माझ्या सेटअप फाईलमध्ये स्विच ए बंदच होता, कुठूनतरी उतरवलेली ओळ होती ती. काल रात्री जेवणानंतर अप्पांना विचारलं, "अप्पा, पगाराच्या रनला स्विच..." एवढंच म्हटलं, तोवर त्यांचा उजवा हात हवेत गेला आणि बोटानं वर ढकलल्यासारखं केलं. "ए कायम वर. अ‍ॅडव्हान्स कापायचा असला की बी पण." पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली त्याला, हात विसरला नाही. ए चालू केला, बेरीज छापून आली. मग वेग कमी करून परत दाखवलं, ओळ-ओळ उमटताना ते खुर्ची ओढून जवळ येऊन बसले आणि आईला हाक मारली.

आता रोज थोडं थोडं त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायलोय, मशीन मधेच थांबलं तर कुठल्या हॉल्टला काय करायचं, कुठली कार्डं आधी ठेवायची, सगळं. चिकटलेली ती दोन कार्डं मात्र अजून तशीच आहेत, आर्द्रता देऊन सोडवावी का कोरडीच राहू द्यावी, कागदपत्रांच्या जतनाचं काम केलेलं कोणी असेल तर सांगा. आणि बेळगाव, निपाणी, खानापूर, कोल्हापूर भागात कुणाच्या घरी १४०१ वर काम केलेलं वडीलधारं माणूस असेल तर या धाग्यावर लिहा, अप्पांना घेऊन मी भेटायला येतो.