उशिरा आलेला पहिला चित्रपट
तिशीच्या आत पडद्यावर संधी मिळाली नाही तर नटाने आशा सोडावी, हे मत मला मुळीच पटत नाही. ब्रिटिश नट अ‍ॅलन रिकमनचं नाव इथे यायलाच हवं. आधी ग्राफिक डिझायनर, मग सव्विसाव्या वर्षी नाट्यशिक्षण, पुढे वर्षानुवर्षं रंगभूमी आणि थोडं टीव्हीवरचं काम. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर त्याला पाहून निर्मात्याने ‘डाय हार्ड’ या हॉलिवूडपटात घेतलं. पहिलाच चित्रपट, आणि वय चाळिशीपार!

शिवाय नाटकाची ती वर्षं कॅमेऱ्यापुढेही कामी येतात. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांत, प्रसंगांचा क्रम सोडून चालतं. भूमिका रोज पहिल्या प्रवेशापासून शेवटापर्यंत सलग करणाऱ्या नटाला मधला एखादा तुकडा किती चढवायचा आणि कुठे आवरायचा, हे नेमकं कळतं.