सिग पी365 : तिसऱ्या गोळीपर्यंत मूठ हातात फिरते, काय बदलावं?

ह्यूस्टनकर
पिस्तूल सिगचं मूळ पी365 आहे, 9 मिमी, 3.1 इंची नळी, मॅन्युअल सेफ्टीवालं. 115 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी काडतुसं. 7 यार्डांवर पहिली गोळी बरी जाते. पुढे मूठ उजव्या तळव्यात फिरत जाते आणि चौथ्या गोळीच्या आधी पकड पुन्हा बसवावी लागते. करंगळीला जागाच नाही. शिवाय बऱ्याच गोळ्या खाली डावीकडे लागतात. कमरेला पुढच्या बाजूला, पँटच्या आत बाळगतो, वर नुसता टी-शर्ट. बजेट 150 डॉलर. यादी अशी केली आहे: एक्सएलचं (याच पिस्तुलाच्या मोठ्या मॉडेलचं) ग्रिप मॉड्यूल, म्हणजे बदलता येणारी प्लास्टिकची मूठ, स्टिपलिंग (मूठ खरखरीत करणं), हलका चाप, जड रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुढे ढकलणारी), जमलं तर कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडावर बसणारा, गॅस वर सोडून उसळी कमी करणारा भाग). आधी काय घ्यावं?

लोखंडी_मूठ
तुमच्या तक्रारी दोन आहेत, त्या एकत्र करू नका. मूठ फिरते हा पकडीचा प्रश्न, तो सामानाने बराच सुटतो. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे जातात त्या बहुतेक वेळा चाप ओढताना सगळी मूठ आवळली जाते म्हणून, किंवा धक्क्याच्या धास्तीने नळी आधीच खाली दाबली जाते म्हणून. त्यावर भाग विकत मिळत नाही.

तपासायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी मॅगझिन भरायला सांगा, 10 मध्ये 2-3 डमी (न उडणारी) काडतुसं मिसळून. डमी आली की नळी नाक खाली घालताना स्पष्ट दिसेल. दिसली, तर हलक्या चापाचे पैसे वाचले. बाळगायच्या पिस्तुलाचा चाप हलका करू नये असंच माझं मत आहे. घाईत, अंगावरच्या कपड्यातून काढताना तो जडपणाच उपयोगी पडतो.

आणखी एक: सिगच्या साइट्स (नेम धरायच्या खुणा) फ्रंट साइटच्या, म्हणजे पुढच्या खुणेच्या, ठिपक्याने निशाण झाकायच्या हिशोबाने असतात. निशाण ठिपक्याच्या वर ठेवून नेम धरलात तर गोळ्या खालीच जाणार.

धक्क्याचा हिशोबही बघा. रिकामं पिस्तूल साधारण 505 ग्रॅम, 10 काडतुसं धरून सव्वासहाशेच्या आसपास. तेच काडतूस 850 ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडलं तर मागे येणारी ऊर्जा जवळपास पाव भागाने कमी होते. छोट्या पिस्तुलात हा धक्का कमी होत नाही, वाटून घ्यावा लागतो: हाताची जास्त कातडी मुठीला लागायला हवी, घर्षण जास्त हवं.

दोन_अंगठे
+1. खर्च करण्याआधी डबा उघडून बघा. पी365 बरोबर सहसा 10 ची दोन मॅगझिन येतात, एक सपाट तळाचं आणि एक करंगळीसाठी पुढे ओठ असलेलं. रेंजवर आणि कमरेला ते ओठवालं लावा. फुकटातला सगळ्यात मोठा फरक हाच.

मग ग्रिप टेप. दोन प्रकार: रबरी आणि खरखरीत, सँडपेपरसारखी. खरखरीत टेप घामातही सोडत नाही, पण कमरेला पोटाची कातडी सोलते. रबरी टेपला टी-शर्ट चिकटतो आणि मूठ बाहेरून उठून दिसते. तुमच्यासाठी मधला मार्ग: खरखरीत टेप, पण अंगाला लागणारी बाजू आत बनियन घालून सांभाळायची. लावताना मूठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट लावू नका, टेप बसवा, हेअर ड्रायरने कडा गरम करून कापडाने दाबा, रात्रभर ठेवा. कडा उचकटतात त्या जवळजवळ नेहमी तेलाचा हात लागल्यामुळे.

डाव्या हाताच्या तळव्याची टाच मुठीच्या डाव्या बाजूवरच्या मोकळ्या जागेत भरली पाहिजे. ती पोकळी राहिली तर मूठ तिकडेच फिरते, मग टेप कुठलीही लावा.

ह्यूस्टनकर
ओठवालं मॅगझिन डब्यातच पडून होतं! मग मॉड्यूल घ्यावंच का?

दोन_अंगठे
महिनाभर टेपवर काढा, मग ठरवा. एक्सएलच्या मुठीने उंची 4.3 वरून 4.8 इंच होते. अर्धा इंच ऐकायला काहीच नाही, पण लपवण्यात अडचण मुठीची असते, नळीची नाही. नळी पँटमध्ये जाते, मूठ टी-शर्टमधून डोकावते. एक्सएलच्या मुठीसाठी 12 ची मॅगझिन वेगळी घ्यावी लागतात, तोही खर्च धरा.

घेतलंत तर ऑर्डर करताना मॅन्युअल सेफ्टीची खाच असलेलंच मॉड्यूल मागवा. बिनखाचेचं आलं तर तुमचं फायर कंट्रोल युनिट (चाप आणि त्याची यंत्रणा असलेला धातूचा भाग) त्यात बसणार नाही. सिरियल नंबर त्या युनिटवर असतो, कायद्याने पिस्तूल म्हणजे तेच. प्लास्टिकची मूठ नुसता सुटा भाग.

बदलायची पद्धत: मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासा, काडतुसं खोलीबाहेर. स्लाइड मागे अडकवा, टेकडाउन लिव्हर (पिस्तूल उघडायची खिटी) फिरवा, स्लाइड पुढे काढून घ्या. मग लिव्हर बाहेर ओढून युनिट पुढच्या बाजूने उचला. जोर लावू नका. अडतंय म्हणजे लिव्हर चुकीच्या कोनात आहे. परत जोडल्यावर रिकाम्या मॅगझिनवर स्लाइड मागे अडकते का, चाप रीसेट होतो का, सेफ्टी लावल्यावर चाप मेला आहे का, हे बघा. त्यानंतर किमान 200 गोळ्या, त्यात 50 तुम्ही बाळगता त्याच काडतुसांच्या, तोवर कमरेला लावू नका.

सोल्डरवाला
स्टिपलिंगबद्दल. सोल्डरिंग आयर्नने मूठ ठिपक्याठिपक्यांनी वितळवायची, काम सोपं दिसतं. बिघडतं ते आतून: टोक खोल गेलं की भिंत आत फुगते आणि मॅगझिन आपोआप खाली पडायचं थांबतं. मॅगझिन कॅचभोवती (मॅगझिन धरून ठेवणाऱ्या बटणाभोवती) हात लावू नका. दर चार-पाच ओळींनी रिकामं मॅगझिन सोडून बघा. धूर विषारी असतो, खिडकी उघडी आणि पंखा लावून करा. सिगमध्ये एवढं बरं की बिघडली तर फक्त मूठ फेकायची. ज्या पिस्तुलांत नंबर फ्रेममध्येच असतो तिथे हा खेळ महागात पडतो.

जड स्प्रिंग सोडून द्या. स्लाइड परत येताना नळी जास्त खाली आपटते, आणि हलक्या काडतुसांवर कवच नीट बाहेर फेकलं जात नाही. कॉम्पेन्सेटरलाही भरपूर गॅस लागतो. साध्या 115 ग्रेनवर पैसे वसूल होत नाहीत, आणि पिस्तूल अंगाजवळ धरून झाडायची वेळ आली तर ज्वाळा थेट तोंडाकडे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये आटे पाडलेली नळी पिस्तुलाला 'असॉल्ट वेपन'च्या व्याख्येत नेऊ शकते. टेक्सासमध्ये अडचण नाही, पण घर बदलताना आठवा.

परवाना_आधी
विषय थोडा बाजूला, पण इथे एच-1बीवाले बरेच वाचतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर पिस्तूलच काय, काडतूस बाळगणंही फेडरल कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हा मोजक्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. आणि हे वाचून पुण्यात किंवा नागपुरात कुणी सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नये. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती आणि फेरबदलाच्या धंद्यालाही परवाना लागतो, कारागीर तसाच गाठा.

ह्यूस्टनकर
टेप लावली. 60 गोळ्या झाडल्या, मूठ जागची हलली नाही. पण आता शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. मॅगझिन खराब?

लोखंडी_मूठ
मॅगझिन नाही, अंगठा. पकड वर सरकली, आता उजवा अंगठा स्लाइड कॅचवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खिटीवर) दाबून बसतोय. तो डाव्या अंगठ्याच्या सांध्यावर टेकवा, पिस्तुलावर नाही. पुन्हा झालं तर सांगा. डमीची चाचणी केली का?