काचेवरच्या थेंबाची कड मध्येच का सुटते?

मदत हवी आहे. गुळगुळीत काचेवर पाण्याचा बारीक थेंब सुकताना बाजूने फोटो घेतेय. बराच वेळ कड जागची हलत नाही; थेंब नुसता चपटा होतो, स्पर्शकोन (कडेपाशी थेंबाचा पृष्ठभाग काचेशी करतो तो कोन) उतरत जातो. मग कड एकदम आत सरकते. पिकनेट आणि बेक्सन या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेले थेंब सुकण्याचे स्थिर त्रिज्या (कड जागीच, कोन घटतो) आणि स्थिर कोन (कोन तोच, कड आत सरकते) हे दोन्ही प्रकार एकाच थेंबात दिसतात! स्थिर कोन असेल तर घनफळाचा २/३ घात वेळेबरोबर सरळ रेषेत घटतो, तिथे अडचण नाही. पण एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाचा मधला टप्पा कसा मांडायचा? कड सुटण्याचा कोन काचेच्या सूक्ष्म खडबडीतपणावर ठरतो की पृष्ठभागावरच्या अशुद्धींवर? दोन्ही परिणाम वेगळे करायची पद्धत कुणी वापरली असेल तर कृपया सविस्तर सांगा.