फँटम पास झाला म्हणजे सगळ्या कॉइल ठीक, असं नाही

वर विचारलंय की एमआरआय यंत्राचा आठवड्याचा फँटम स्कॅन (रुग्णाऐवजी द्रावण भरलेलं चाचणीचं भांडं ठेवून केलेला) पास होतोय, मग कॉइल (शरीराजवळ ठेवून सिग्नल पकडणारे अँटेना) वेगळ्या कशाला तपासायच्या? थोडी भर घालतो. तो स्कॅन सहसा हेड कॉइलमध्ये होतो. फँटमचा १९० मिमीचा व्यास प्रतिमेत २ मिमीच्या फरकाच्या आत बसला, त्यातली १ मिमीची छिद्रं सुटी दिसली की आपण टिक करून मोकळे. गुडघ्याची, मणक्याची कॉइल त्यात येतच नाही! लवचीक कॉइल तर रोज वाकवल्या जातात, केबली ओढल्या जातात.

त्यात कॉइलमधला एखादा एलिमेंट (तिच्यातला एक छोटा अँटेना) मेला तरी एकत्रित प्रतिमा बरीच बरी दिसते. बाकीचे चॅनेल (इतर एलिमेंटचे सिग्नल) सांभाळून घेतात. म्हणून प्रत्येक चॅनेलची प्रतिमा वेगळी काढून बघा. एका चौकटीत नुसती खरखर दिसली, की चोर सापडला.

आणि फँटम ठेवल्या ठेवल्या स्कॅन सुरू करू नका. आतलं द्रावण हलत असतं, घोस्टिंग (प्रतिमेत उमटणाऱ्या फिकट, खोट्या सावल्या) उगाच वाढलेलं दिसतं. पाच-दहा मिनिटं थांबा. मध्यवर्ती वारंवारता (यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रावर ठरणारी रेडिओ वारंवारता; १.५ टेस्लाला ६४ मेगाहर्ट्झच्या जरा खाली) नोंदवत राहा. ती हळूहळू उतरणं स्वाभाविक आहे. एकदम उडी मारली तर आधी बोअरमध्ये (रुग्णाला सरकवतात त्या बोगद्यात) हेअरपिन वगैरे शोधा. मला सापडलीय एकदा.