ऐनावरचा टसर कोसा: पतंग कधी निघेल?

रानपाखरू: गडचिरोली, जानेवारीअखेर. ऐनाच्या डहाळीला कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, करडा, टणक कोसा (टसर रेशमाच्या पतंगाचा कोष) लोंबतोय. आतला जीव जिवंत आहे का, कसं ओळखायचं? घरी आणला तर पतंग कधी निघेल?

ऐनअर्जुन: कानाशी धरून हळूच हलवा. जड, दबका ठोका आला तर जिवंत. हलकं खुळखुळलं तर आत वाळून गेलाय. देठाच्या टोकाला मोठं भोक असेल तर पतंग आधीच उडालाय. कुशीला बारीक गोल भोक दिसलं तर परजीवी कीटकाने खाल्लाय.

देठ ओढू नका, डहाळीसकट कापा. हिवाळ्याच्या तोंडावरचा हा कोसा सुप्तावस्थेत असतो, त्यामुळे पतंग साधारण जूनच्या पावसाबरोबरच निघेल. तोवर सावलीत, वारा लागेल असा दोरीला टांगून ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात बुरशी धरते.

कोसावाला: पत्र्याखाली मात्र टांगू नका. उष्मा आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला की काही पतंग एप्रिल-मे मध्येच निघतात. तेव्हा ऐनाला पुरेशी कोवळी पालवी नसते, अळ्या उपाशी मरतात. टसर पाळणाऱ्यांचं मोठं नुकसान यातच होतं. म्हणून घरातली सर्वांत थंड खोली निवडा. कडक उन्हाळ्यात शेजारी ओलं गोणपाट ठेवा.

पतंग बहुधा संध्याकाळनंतर निघतो. तोंडातल्या स्रावाने देठाकडचं टोक ओलं करतो आणि धागे न तोडता बाजूला सारून बाहेर येतो. त्या वेळी पंख चुरगळलेले असतात. उभं चढून लोंबकळायला खरखरीत काठी हवीच, नाहीतर पंख वाकडेच वाळतात. हात लावू नका, साखरपाणीही नको: त्याला खाता येईल असं तोंडच नसतं, अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. पंख पसरल्यावर चारही पंखांवरचे डोळ्यांसारखे पारदर्शक ठिपके पाहा, त्यांतून पलीकडचं दिसतं.

ऐनअर्जुन: मिशा रुंद पिसांसारख्या असतील तर नर. मिशा अरुंद, पोट फुगीर तर मादी. तिला अंधार पडताच ऐनाजवळ सोडा, गंधावर नर येतील.

कोसावाला: आसपास कुणी टसर पाळत असेल तर या मादीची अंडी त्यांना देऊ नका. पेब्रिन हा रेशीमकिड्यांचा रोग आईकडून अंड्यात उतरतो आणि अळ्यांचा अख्खा लॉट मरतो. अंडी घातल्यावर मादीचं पोट खलात वाटून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसले तर सगळी अंडी जाळायची.