मेंदू ‘पेटतो’ म्हणे!

तिरकस तबलजी
नाचणीसत्त्व यांची परवाची पोस्ट वाचून दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी तीच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, संध्याकाळी सासुरवाडीच्या ग्रुपवर. आता लिहितोच. ज्यांच्यापर्यंत ती पोचली नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी मजकूर: ‘संगीताने अल्झायमर बरा होतो. एमआरआयने सिद्ध. आवडतं गाणं लावताच मेंदूचे मेलेले भाग पुन्हा पेटतात.’ सोबत व्हीलचेअरवरच्या त्या स्पॅनिश बॅले नर्तकीचा व्हिडिओ.

आधी व्हिडिओ. २०१९ मध्ये चित्रित झाला, २०२० मध्ये जगभर फिरला. बाईंचे हात संगीतावर हलतात ते खरं आहे आणि बघताना माझाही आवंढा अडकला. पण मधूनमधून जोडलेली रंगमंचावरची तरुण नर्तकी त्या बाई नव्हेतच, ती रशियाची उल्याना लोपात्किना. खऱ्या गोष्टीला ठिगळ लावायची गरज का पडते, हे मला कधीच कळलेलं नाही.

आता ‘एमआरआयने सिद्ध’. हा बहुधा अमेरिकेतल्या उटा विद्यापीठाचा प्रयोग. माणसं १७. त्यांच्या आवडीची गाणी निवडली, मग मशिनमध्ये २०-२० सेकंदांचे तुकडे ऐकवले. कधी गाणं, कधी तेच उलटं वाजवलेलं, कधी नुसती शांतता. गाणं चालू असताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला आपसातला ताळमेळ वाढलेला दिसला. बस. माणसं थोडी आहेत आणि स्कॅन एकदाच केलाय, हे संशोधकांनीच सांगितलंय. ‘बरा होतो’ कुठून आलं?

आणि पेटत काही नाही हो. एफएमआरआय (चालू मेंदू टिपणारा एमआरआय) रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार मोजतो, लालपिवळा रंग आकडेमोड झाल्यावर भरतात. तुम्हाला मशिनमध्ये घालून शेजाऱ्याबद्दल विचारलं तरी काहीतरी पेटलेलं दिसेल. मेलेली पेशी त्याने उठून बसत नाही.

नाचणीसत्त्व
पोस्ट माझी नव्हती, पुढे पाठवलेली होती. तरी उत्तर देते. जर्मनीतल्या लाइपझिगच्या शास्त्रज्ञांचा २०१५ चा शोधनिबंध वाचलात का? ओळखीची गाणी मेंदूत ज्या भागात साठतात तो भाग अल्झायमरमध्ये सगळ्यात कमी झिजतो, असं त्यात स्पष्ट आहे. की तेही ‘ठिगळ’?

तिरकस तबलजी
वाचलाय. तुम्हीही पूर्ण वाचा. गाणी ऐकवून तो भाग शोधला तो धडधाकट तरुणांच्या मेंदूत. रुग्णांना गाणी ऐकवलीच नाहीत, त्यांच्या मेंदूत तो भाग किती झिजलाय तेवढं पाहिलं. झीज कमी, हे बरोबर. पण अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा) थर तिथेही इतर भागांइतकाच होता. म्हणजे कदाचित त्या भागाचा नंबर उशिरा लागतो, एवढंच. किल्ला अभेद्य नाही, वेढा अजून पोचायचाय.

गवती चहा
तबलजी, तुमच्या घरी सत्यनारायणाला कोणी जेवायला येतं का हो? प्रसादातल्या साखरेचाही हिशोब मागत असाल.

सांजवात
तुमचं भांडण वाचून हसू आलं आणि रागही. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या, आजाराला सहावं वर्ष. मला ‘नर्सबाई’ म्हणतात, आणि तेही दिवस चांगला असला तर. आंघोळीच्या वेळी मारायच्या. तांब्या फेकून मारलेल्याची खूण माझ्या कपाळावर आहे. डॉक्टरांनी गोळी दिली, तर दिवसभर नुसत्या पेंगायच्या.

एकदा कंटाळून मी न्हाणीघरात माझ्या आईकडून ऐकलेली जात्यावरची ओवी म्हणायला लागले. आवाज माझा फाटका. दुसऱ्या ओळीला त्यांचा उजवा हात फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा. तिसरी ओळ त्यांनीच म्हटली, आणि ती मला येतच नव्हती. तेव्हापासून हिशोब ठरलाय: दोन ओव्यांत डोकं, चार ओव्यांत पाठ, पाय धुताना काहीही चालतं. मेंदू पेटतो की विझतो, तुम्ही बघा. मला आंघोळ झाल्याशी मतलब.

आणि हो, थोरल्या भावजींनी मोठा स्पीकर आणून दिलाय, त्यात दिवसभर अभंग. ‘या वयात देवाचं नाव कानावर पडावं’ म्हणे. सासूबाई उशी कानावर घेतात. कोणाला सांगायचं?

दरबारी कानडा
सांजवातताईंना दंडवत. पण चर्चेत रागचिकित्सेचा उल्लेखही नसावा? रात्री दरबारी ऐकवा, सकाळी भैरव. आपल्याकडे हे ज्ञान आधीपासून आहे, पाश्चात्त्य मंडळी आत्ता कुठे मशिन घेऊन बसली आहेत.

तिरकस तबलजी
माझे वडील दरबारी सुरू झाला की उठून रेडिओ बंद करायचे. त्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच एक) झाल्यावर त्याच दरबारीने त्यांचा कोणता भाग ‘जागा’ होणार होता? साहेब, औषध रागात नाही, ओळखीत आहे. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी म्हातारपणी जास्त तगतात. आज ऐंशीला पोचलेला माणूस १९६० च्या सुमाराला मिसरूड फुटायच्या वयात होता. तो बुधवारी रात्री रेडिओवर बिनाका गीतमाला ऐकत होता, तुमचा भैरव नव्हे.

एडिसनकर
सांजवात, ‘भावजी’ प्रकारातला मीच समजा. न्यू जर्सीहून बाबांसाठी चांगले हेडफोन आणि तीनशे भजनांची यादी पाठवली. त्यात काय चुकलं? निदान काहीतरी केलं.

सांजवात
तीनशे! तीनशेपैकी एक तरी तुमच्या बाबांनी स्वतः कधी लावलेलं आठवतंय? पार्सल पाठवून झालं की कर्तव्य संपलं. हेडफोन कानातून उपटून फेकतात तेव्हा पलंगाखालून काढतं कोण? तुमची बहीण की तुमची वहिनी?

एडिसनकर
बहीण. आणि तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा जरा सांभाळून. दर रविवारी फोनवर बाबा मला विचारतात, ‘आपण कोण?’ ते ऐकून फोन ठेवल्यावर मी काय करतो हे इथे लिहिणार नाही.

गवती चहा
अवांतर आहे, पण भजनाचा विषय निघालाच म्हणून. माझे काका उभ्या जन्मात देवळात गेले नाहीत. युनियनचे माणूस, शनिवारी घरात हिंदी कॅब्रेची गाणी मोठ्याने लावायचे, काकू दारं-खिडक्या लावून घ्यायची. विसरायला लागल्यावर मुलांनी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि हरिपाठ सुरू. माणूस आठवण हरवतो, बाकीचे त्याची आवड पुसतात. मी एकदा गुपचूप मोबाईलवर कॅब्रे लावला, तर काकांनी पायाने ठेका धरला आणि काकूकडे बघून डोळा मारला. काकू तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दरबारी कानडा
म्हणजे संस्कारांपेक्षा कॅब्रे श्रेष्ठ. चालू द्या.

गवती चहा
काकांपुरता, हो.

सांजवात
भजनाला माझा विरोध नाही. ज्याची ओळख भजनाशी, त्याला भजनच लावा. पण म्हातारा झाला म्हणजे वारकरी झाला, हे कोणी ठरवलं?

नाचणीसत्त्व
धागा मेंदूवर होता, आता अभंग विरुद्ध कॅब्रे झालाय. असो. तबलजी, परिणामांबद्दल बोला. कॉक्रेनचा (वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) डिमेन्शियातल्या संगीतोपचारांवरचा २०१८ चा आढावा, २२ प्रयोग, १०९७ माणसं. नैराश्य आणि एकूण वागण्यातला त्रास कमी होतो असं दिसलं. हेही नाकारणार?

तिरकस तबलजी
नाही नाकारत. पण त्याच आढाव्यात स्मरणशक्ती, आकलन यांवर परिणाम जवळजवळ नाही. चिडचिड, मारहाण यांवरही नाही. सांजवातताईंच्या ओवीला ते लागू पडत नाही हे उघडच आहे, त्यांच्या न्हाणीघरात कॉक्रेनवाले गेले नव्हते. आणि उपचार थांबल्यावर चार आठवड्यांनी फायदा टिकतो याला भक्कम आधार नाही. औषध म्हणा हवं तर, पण रोज घ्यायचं, आणि देणारा माणूस लागतो.

एक दुसरी बाजूही सांगतो. माझ्या एका मित्राची आई दिवसभराच्या केंद्रात जायची. तिथे एका सकाळी लग्नाच्या वरातीचं बँडवरचं गाणं लावलं. ती तासभर रडत राहिली, कोणालाच का ते कळेना. तिचा धाकटा भाऊ स्वतःच्या वरातीनंतर आठवड्याभरात गेला होता. हे फक्त घरच्यांना माहीत, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. गाणं मेंदूत दार उघडतं ते ठीक, पण आत काय ठेवलंय ते आधी विचारा.

नाचणीसत्त्व
मग ऑस्ट्रेलियाचा २०२२ चा प्रयोग? वृद्धनिवासांतली ३१८ माणसं. प्रशिक्षित थेरपिस्टने छोट्या गटात केलेली संगीतोपचारांची सत्रं एकीकडे, नुसतं समूहगान दुसरीकडे. नैराश्य कमी झालं ते समूहगानात.

एडिसनकर
एक मिनिट. म्हणजे भजनी मंडळच जिंकलं की!

सांजवात
मंडळ जिंकलं. हेडफोन नाही.

एडिसनकर
…बरं. रविवारी फोनवर हेडफोन काढायला सांगतो. बाबा कॉलेजात असताना सायकलवर शीळ घालायचे, असं आत्या सांगायची. कोणतं गाणं ते तिलाच विचारावं लागेल.

सांजवात
लगेच विचारा. आत्याचं वय काय?

एडिसनकर
८६. कळलं.

तिरकस तबलजी
नाचणीसत्त्व, तुमचा मुद्दा मान्य, पंचाहत्तर टक्के. उरलेल्या पंचवीस टक्क्यांसाठी पोस्टमधलं ‘बरा होतो’ काढा. माझी सासुरवाडी तिथल्या आत्यांच्या गोळ्या बंद करायला निघाली आहे.

नाचणीसत्त्व
काढलं. ‘बरं वाटतं’ केलंय.

तिरकस तबलजी
आणि ‘पेटतात’?

नाचणीसत्त्व
ते राहू दे. तुम्ही पेटलात ना?